अनुबियासची दाढी

२०२५ च्या जानेवारीत माझ्या अनुबियासला दाढी आली.

हसू नका, प्लीज! अनुबियास म्हणजे पाण्याखाली वाढणारं एक रोप. मूळचं आफ्रिकेतलं. जाड, गडद हिरवी पानं आणि स्वभाव असा, की दुर्लक्ष केलं तरी कुरकुर नाही. माझ्यासारखीला परवडणारं तेवढंच. तर एका सोमवारी सकाळी, ऐरोलीची बस पकडायच्या गडबडीत माझं लक्ष फिशटँककडे गेलं आणि त्या पानांच्या कडांना काळपट, मऊ केसांचे झुपके दिसले. पाण्याच्या प्रवाहाबरोबर मस्तपैकी डुलत होते. हात घालून नखानं खरवडून पाहिले. ढिम्म!

लंच टाइममध्ये मोबाइलवर शोधाशोध केली, तर त्याचं नावच निघालं ‘ब्लॅक बिअर्ड अल्गी’. काळी दाढी! गंमत म्हणजे हे शेवाळ दिसतं काळं, पण खरं तर ते लाल शेवाळांच्या कुळातलं. त्याचा झुपका स्पिरिटमध्ये बुडवून ठेवला की चक्क लालसर होतो. हे ज्ञान मिळालं, पण दाढी काही गेली नाही.

मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. दुसऱ्यांच्या कोडमधल्या चुका शोधायचा मला पगार मिळतो. ‘बग कुठे दिसला ते नको, का आला ते सांगा,’ हे वाक्य मी आठवड्यातून किमान तीनदा कुणाला तरी ऐकवते. घरातल्या या बगचं कारण शोधायला मात्र मला दोन महिने लागले. आणि ते पाण्यात नव्हतंच!

आधी थोडं फ्लॅशबॅकमध्ये जाऊ या. घोडबंदर रोडला माझा भाड्याचा वन बीएचके आहे. २०२३ मध्ये बोनस मिळाला, तेव्हा मैत्रिणी फोन बदलत होत्या आणि मी दोन फुटी फिशटँक घेऊन आले. साधारण साठ लिटरचा. प्लॅस्टिकची झाडं आणि बुडबुडे सोडणारा खजिन्याचा पेटारा नको, तर खरी झाडं हवीत, हे पक्कं होतं. लाकडाच्या ओंडक्याला बांधलेलं अनुबियास, मागच्या बाजूला रिबिनीसारखी वॅलिस्नेरिया, मधे जावा फर्न. दहा निऑन टेट्रा आणि बारा चेरी कोळंब्या. नखाएवढ्या, लालचुटुक. दिवसभर स्क्रीन बघून आलेल्या डोळ्यांना हा एकच स्क्रीन असा होता, ज्यात कुणी ‘अर्जंट’ लिहून पाठवत नाही.

२०२४ च्या सप्टेंबरमध्ये आई गेली. दिवाळीनंतर मी आण्णांना सांगलीहून ठाण्याला घेऊन आले. ते तिकडच्या पाणीपुरवठा खात्यात होते, जलशुद्धीकरण केंद्राच्या प्रयोगशाळेत. रिटायर होऊन नऊ वर्षं झालेली. त्यांना बेडरूम घ्या म्हटलं, तर म्हणाले, ‘‘नको गं, हॉलमध्ये बरं वाटतं.’’ मग दिवाण हॉलमध्ये, टँकच्या समोर. मी रोज सकाळी विचारायचे, ‘‘आण्णा, झोप लागली का?’’ ते पेपरमधून मान वर न काढता म्हणायचे, ‘‘लागली की.’’ मी डबा उचलून निघायचे. टिक मार्क. टेस्ट पास!

आता परत दाढीकडे.

पहिला हल्ला टूथब्रशनं. हिरवं, लांब धाग्यांचं शेवाळ ब्रशला गुंडाळून निघतं, शेवया काट्याला गुंडाळाव्यात तसं. पण दाढीवालं शेवाळ पानाला घट्ट धरून बसतं. ब्रशनं पान फाटलं, शेवाळ तिथंच.

दुसरा हल्ला फिल्टरवर. फिल्टरचा स्पंज मळलेला दिसला म्हणून तो सिंकमध्ये नळाखाली खसाखसा धुतला. अगदी पांढराशुभ्र केला. दोन दिवसांनी सगळे टेट्रा पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकायला लागले. आण्णा म्हणाले, ‘‘अगं, त्या स्पंजात जंतू असतात, चांगले. माशांच्या घाणीचा अमोनिया खाणारे. तू त्यांना क्लोरिनच्या पाण्यानं आंघोळ घातलीस!’’ नव्या टँकमध्ये हे जंतू वसायला चार ते सहा आठवडे लागतात. मी ते पाच मिनिटांत धुऊन टाकले होते. पुढचे दहा दिवस रोज थोडं थोडं पाणी बदलत बसले, तेव्हा कुठे मासे वाचले. तेव्हापासून स्पंज टँकमधून काढलेल्या पाण्यातच पिळायचा, हा घरचा कायदा आहे.

तिसरा हल्ला दुकानातून. दुकानदार म्हणाला, ‘‘मॅडम, सकर घेऊन जा, सगळं चाटून साफ करतो.’’ हा सकर दुकानात बोटाएवढा असतो, पण वाढतो फूट-दीड फूट. दोन फुटी टँकमध्ये त्याला वळताही येणार नाही. मग लोक त्याला गुपचूप तलावात सोडून येतात, आणि दक्षिण अमेरिकेतला हा पाहुणा आपल्या तलावांत पसरून इथल्या माशांच्या पोटावर पाय देतो. शिवाय काळी दाढी तो खातो कुठे? आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!

नाही म्हटल्यावर त्यानं एक बाटली काढली. ‘शेवाळ नाहीसं. झाडांना सुरक्षित.’ साडेचारशे रुपये. मी झाकणानं मोजून औषध ओतलं आणि समाधानानं झोपले.

सकाळी नऊ कोळंब्या वाळूवर पडल्या होत्या. पांढुरक्या, शिजवल्यासारख्या.

आण्णांनी बाटली खिडकीशी नेली, चष्मा वर सरकवून मागची मुंगीएवढी अक्षरं वाचली आणि म्हणाले, ‘‘यात तांबं आहे गं. आपला मोरचूदच की हा.’’

मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. द्राक्षबागेत बोर्डो मिश्रणात घालतात तो निळा खडा. आण्णांनी सांगितलं, की पाणी साठवायच्या ठिकाणी शेवाळ माजलं की तेही तो मोजून मारायचे. ‘‘पण आमच्याकडं कोळंबी नव्हती,’’ असं म्हणून ते थांबले. कोळंब्या आणि गोगलगाई यांना तांबं अगदी थोडं जास्त झालं तरी झेपत नाही. बाटलीवर ‘झाडांना सुरक्षित’ लिहिलं होतं ते कदाचित खरं असेल. कोळंब्यांचं कुणी काही म्हटलंच नव्हतं. मी विचारलंही नव्हतं.

चमच्यानं एकेक उचलून मी त्या कुंडीत पुरल्या. आण्णा शेजारी उभे होते. म्हणाले, ‘‘औषध नंतर. शेवाळ उगाच येत नाही. उजेड आणि खाणं, दोन्ही जास्त झालं की येतं. ते कुठनं येतंय बघ आधी.’’ आणि पटकन आत निघून गेले. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

मग मी माझ्या लाइनवर आले. एक्सेल शीट! नायट्रेटची टेस्ट किट मागवली. पाणी किती बदललं, खाणं किती, दिवा किती तास, सगळ्याचे कॉलम. वाचायलाही लागले. आणि एक फंडा क्लिअर झाला.

झाडाला वाढायला तीन गोष्टी लागतात : उजेड, कार्बन डायऑक्साइड आणि खत. या तिन्ही एकमेकींच्या प्रमाणात हव्यात. माझ्यासारख्या साध्या टँकमध्ये कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर नसतो, पाण्यात असेल तेवढाच वायू. मग दिवा कितीही वेळ ठेवा, झाड त्यातला ठरावीक उजेडच वापरू शकतं. पोळ्यांचा ढीग वाढला, पण भाजी एकच चमचा, असं ते प्रकरण. उरलेल्या पोळ्या कोण खाणार? शेवाळ! त्याला कमी भाजीही चालते. त्यात माशांचं उरलेलं खाणं कुजत असेल, तर त्याची दिवाळीच. म्हणून साध्या टँकला रोज सहा ते आठ तास दिवा पुष्कळ झाला.

एकेका शेवाळाचं गाऱ्हाणंही वेगळं. टँक नवा असताना पहिल्या काही आठवड्यांत तपकिरी भुकटी बसते. ती डायटम्सची, पुसायची आणि दुर्लक्ष करायचं, बहुतेक वेळा आपोआप जाते. काचेवर आणि जुन्या पानांवर घट्ट हिरवे ठिपके आले, तर बऱ्याचदा उजेड जास्त आणि फॉस्फेट कमी असतं. निळसर हिरवी, घाण वास मारणारी साय पसरली, तर ते शेवाळच नव्हे. ते सायनोबॅक्टेरिया, म्हणजे जिवाणू. आणि काळी दाढी हळू वाढणाऱ्या झाडांच्या म्हाताऱ्या पानांवर आधी येते. पाण्यात सेंद्रिय घाण साठली, दिवा फार वेळ राहिला, कार्बन डायऑक्साइड सारखा वरखाली झाला, की ती फोफावते. थोडक्यात, शेवाळ म्हणजे रोग नाही, रिपोर्ट आहे.

पण माझा रिपोर्ट जुळतच नव्हता! दिवा सकाळी एक तास, संध्याकाळी पाच तास. सहाच. खाणं दिवसातून एकदा, चिमूटभर. पाणी दर रविवारी बदललेलं. तरी नायट्रेट चढं, वाळूवर न खाल्लेले दाणे आणि दाढी आता फर्नवरही. वाटलं, आपलीच कुठेतरी चूक होतेय. म्हणून फेब्रुवारीत टायमर आणला. दुपारी एक ते संध्याकाळी सात. माणसाचा हातच नको. दोन आठवडे गेले, फरक शून्य.

मार्चमधल्या एका गुरुवारी आमचं रिलीज होतं. रात्री पावणेतीनला फोन वाजला, प्रॉडक्शनमध्ये काहीतरी फुटलं होतं. एरवी मी दार लावून, कानात बोळे घालून झोपते. त्या रात्री लॅपटॉप उघडला आणि पाणी प्यायला हॉलमध्ये आले.

हॉलभर हिरवा उजेड पडला होता.

टायमर सॉकेटमध्ये मुकाट्यानं फिरत होता, पण टँकचा दिवा त्यातून काढून शेजारच्या सॉकेटला थेट लावलेला. समोर प्लॅस्टिकच्या खुर्चीवर आण्णा, अंगावर आईची शाल. एका हातात माशांच्या खाण्याची डबी.

मला बघून ते उठायलाच लागले. ऑफिसात उशिरा आलेला शिपाई साहेबासमोर उठावा, तसे. ‘‘लावतो गं परत. सकाळी तू उठायच्या आत लावतो मी रोज.’’

‘‘रोज?’’

त्यांनी मान खाली घातली. मग हळूहळू बोलले. आईच्या हातात काचेच्या बांगड्या असायच्या. रात्री कूस बदलली की वाजायच्या. ‘‘चाळीस वर्षं तो आवाज ऐकून झोपलो. आता रात्रीचं काही वाजतच नाही बघ. हा फिल्टर तरी बुडबुड करतो. आणि उजेड असला की काहीतरी हलताना दिसतं.’’ आणि खाणं? ‘‘काच वाजवली की पळत येतात. मग मोकळ्या हातानं कसं बसायचं? चार दाणे टाकतो.’’

थोड्या वेळानं म्हणाले, ‘‘शेवाळ माझ्यामुळंच आलंय, हे मला पहिल्यापासनं ठाऊक होतं. पाण्यातच जन्म गेला की माझा. दोनदा तुला सांगायला आलो. पण सांगितलं असतं, तर दिवा बंद करावा लागला असता.’’

सहा अधिक सहा. बारा तास. शीटमधल्या ज्या कॉलमवर माझा सगळ्यात जास्त विश्वास होता, तोच खोटा होता. आणि तसा कॉलम एकच नव्हता. ‘लागली की’ हे उत्तर मी चार महिने रोज पास करत होते.

मी दुसरी खुर्ची ओढली. ऑफिसच्या ग्रुपवर ‘वीस मिनिटांत येते’ एवढं टाकलं. लहानपणी मुंबईला आलो, की आण्णा मला मरीन ड्राइव्हवरच्या तारापोरवाला मत्स्यालयात न्यायचे. काच माझ्या डोक्याच्या वर असायची, म्हणून कडेवर घेऊन उभे राहायचे. आई मागून म्हणायची, ‘‘चला आता, गाडी चुकेल.’’ हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, ‘‘आणि एकदा चुकली होती.’’ आई गेल्यावर आम्ही दोघं तिच्याबद्दल पहिल्यांदा बोललो, ते असं. प्रॉडक्शन तोवर कुणीतरी दुरुस्त केलं होतं. माझ्यावाचून.

त्यानंतर जो इलाज झाला तो दोघांनी मिळून केला. टाकीवर कसा, ते आधी सांगते. तुमच्याही टँकमध्ये कदाचित दाढी उगवली असेल.

पहिलं म्हणजे, ज्या पानांवर शेवाळ दाट होतं ती कापली. जुनं पान शेवाळातून सुटलं तरी पुन्हा पहिल्यासारखं होत नाही. ते देठाशी कात्रीनं कापायचं आणि लक्ष नव्या पानाकडे ठेवायचं. मी अनुबियासची अकरातली सात पानं उडवली. एकदम नव्हे, दोन आठवड्यांत मिळून.

उरलेल्या पानांना हायड्रोजन पेरॉक्साइड. केमिस्टकडे मिळतं तेच, जखम धुवायचं. इथं आण्णा पुन्हा बाटली घेऊन खिडकीशी. ‘‘ही वीस व्हॉल्यूमची आहे, म्हणजे सहा टक्के. आपल्याला तीन पाहिजे. निम्मं पाणी घाल.’’ मी घातलं नसतं! फिल्टर बंद करून, सुई काढलेल्या सिरिंजनं ते तीन टक्क्यांचं पाणी हळूहळू थेट झुपक्यांवर सोडलं. साठ लिटरला एका वेळी एकूण पंधरा मिली, त्याहून जास्त नाही. जास्त झालं तर माशांचे कल्ले भाजतात. दहा-पंधरा मिनिटांनी फिल्टर चालू आणि मग थोडं पाणी बदललं. दोन-तीन दिवसांत काळे झुपके गुलाबी झाले, मग पांढरे. मेलेलं शेवाळ मऊ पडतं. उरलेल्या तीन कोळंब्यांनी ते आवडीनं खाल्लं.

दुकानांत ‘लिक्विड कार्बन’ नावाचं एक औषधही मिळतं. त्यातलं ग्लुटराल्डिहाइड दाढीवर चालतं, पण वॅलिस्नेरियाला ते सोसत नाही, पानं वितळतात. शिवाय ते हातावर, डोळ्यात जाता कामा नये. माझ्याकडे वॅलिस्नेरिया भरपूर. आण्णांनी ती पहिल्याच दिवशी ओळखली होती. आपल्याकडच्या नद्या-तळ्यांतही ती उगवते. त्यांचा शब्द पडू नये म्हणून ती बाटली घरात आलीच नाही.

बाकी सगळं कंटाळवाणं आहे, आणि तेच कामाचं आहे. खाणं दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच. दर रविवारी वीस लिटर पाणी बदलायचं. वाळूतला गाळ पाइपनं ओढून घ्यायचा. नवं पाणी आदल्या दिवशी बादल्यांत भरून उघडं ठेवायचं, म्हणजे क्लोरिन उडून जातो. घाई असेल तर त्यासाठी थेंब मिळतात. बऱ्याच बाटल्यांत असतं सोडियम थायोसल्फेट, आण्णांच्या भाषेत ‘हायपो’. प्रयोगशाळेत पाण्याच्या नमुन्यातला क्लोरिन मारायला ते हेच वापरायचे. ते आता एका छोट्या नळीत दोन थेंब टाकून बादली तपासतात. पिवळं झालं तर क्लोरिन आहे. मग मला ऑर्डर सुटते, ‘‘थांब, अजून ओतू नको!’’ रिटायर होऊन नऊ वर्षांनी माणूस पुन्हा ड्युटीवर रुजू!

सेनेची भरतीही केली, पण विचारून. अमानो कोळंबी आणल्या, पाच. ताकाशी अमानो नावाचा जपानी फोटोग्राफर होता, १९५४ ते २०१५. टँकमध्ये अख्खं जंगल उभं करायची कला त्यानं जगभर लोकप्रिय केली. शेवाळ खायला ही कोळंबी त्यानंच पुढे आणली, म्हणून तिला त्याचं नाव. धाग्यांचं शेवाळ ती झकास खाते. जिवंत काळी दाढी मात्र सहसा खात नाही, हे दुकानात सांगत नाहीत.

आणि दिवा? तिथंच खरी गोम होती. पुस्तकी उत्तर सोपं होतं : टायमर लावा, विषय संपला. पण तो दिवा माशांसाठी कमी आणि आण्णांसाठी जास्त होता. तो बंद करायचा, तर त्याच्या जागी काय?

मी त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेले आणि बसल्या बसल्या झोपेची गोळी मागितली. डॉक्टरांनी गोळी दिली नाही. जोडीदार गेल्यावर बऱ्याच जणांची झोप अशी मोडते म्हणाले. दुपारचं झोपणं कमी करा, सकाळी उन्हात चाला, बोलतं ठेवा, महिन्यानं या. बाहेर पडताना मला ती साडेचारशेची बाटली आठवली. एकच झाकण, आणि सकाळपर्यंत सगळं साफ! माझं हे नेहमीचंच आहे.

मग टायमरची वेळ बदलली. संध्याकाळी पाच ते रात्री अकरा. तास तेच सहा, पण आता आम्ही दोघंही घरी असतो तेव्हाचे. माशांना आणि झाडांना कुठले सहा तास याचं काही पडलेलं नसतं, फक्त रोज ठरलेल्या वेळी हवेत आणि मग सलग अंधार हवा. जेवण आम्ही टँकसमोर करतो, टीव्ही बंद. पॅसेजमध्ये एक छोटा पिवळा बल्ब रात्रभर असतो, टँकवर त्याचा उजेड पडत नाही असा. फिल्टर तर चोवीस तास चालतोच. त्याची बुडबुड त्यांची. माझ्या खोलीचं दार आता उघडं असतं, आणि कानातले बोळे ड्रॉवरमध्ये गेलेत.

काळी दाढी पूर्ण जायला जूनपर्यंत वेळ लागला. खरं सांगायचं, तर ‘पूर्ण’ कधीच जात नाही. फिल्टरच्या पाइपवर एखादा झुपका अजून सापडतो. पाणी आहे, उजेड आहे, म्हणजे शेवाळ असणारच. ते शून्य करायच्या नादात मी नऊ कोळंब्या मारल्या. आता ते आटोक्यात असलं की पुरे.

अनुबियास फार हळू वाढतं. महिन्याला एखाददुसरं पान. एप्रिलच्या शेवटी पहिलं नवं पान आलं. आधी सुरळी, मग उलगडलेलं, पोपटी आणि चकचकीत. आण्णांनी ते माझ्याआधी पाहिलं आणि ऑफिसात फोन केला. मी मीटिंगमध्ये होते. तरी उचलला.

रात्री अकराला टायमर ‘टक’ करतो आणि हॉल काळा होतो. आण्णा म्हणतात, ‘‘चला, मासे झोपले,’’ आणि दिवाणावर आडवे होतात. बऱ्याच रात्री त्यांना झोप लागते. काही रात्री नाही लागत. मला पाण्याच्या आवाजात खुर्ची सरकल्याचा आवाज येतो. मग मीही उठते आणि अंधारातच शेजारी जाऊन बसते.

सकाळी मी अजूनही विचारते, ‘‘झोप लागली का?’’ परवा ते म्हणाले, ‘‘नाही गं, आज नाही लागली.’’

मी डबा खाली ठेवला आणि चहा टाकला.